संत गोन्सालो गार्सिया : वसईचा व्यापारी, प्रभूचा दुभाषी



काही दिवसांपूर्वी अकोल्याच्या जठारपेठेतील एका घरी आशीर्वाद देण्यासाठी जाण्याचा योग आला. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले आणि चहा घेत असताना घरातील माउलीने मनातील दुःख बोलून दाखवले. मुलगा हुशार, वेदीसेवक म्हणून वाढलेला, रविवारची मिस्सा कधी न चुकविणारा. परंतु ज्या नोकरीसाठी त्याने दोन वर्षे अभ्यास केला, तेथून त्याला दुसऱ्यांदा नकार आला होता. तेव्हापासून तो घरात कोणाशी फारसे बोलत नव्हता आणि आता मिस्सेलाही येईनासा झाला होता. देवावर विश्वास ठेवूनही दार का उघडत नाही, हा त्या माउलीचा प्रश्न होता. आम्ही धीराचे चार शब्द बोललो. पण परतीच्या वाटेवर ते शब्द आमचे आम्हालाच अपुरे वाटले.

त्या वेळी आठवण झाली ती आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेल्या एका संताची. प्रभूची सेवा करण्याची तीव्र इच्छा असूनही त्यांना हवा असलेला प्रवेश मिळाला नव्हता. ते संत म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. वसईच्या घराघरांत हे नाव परिचयाचे आहे. आपल्या वऱ्हाडात मात्र ते तितकेसे परिचित नाही. म्हणून त्यांचे चरित्र आज आपल्यासमोर ठेवीत आहोत. श्रद्धा, एकमेकांच्या साथीने कार्य आणि योग्य निवड ही शुभवर्तमानाची शिकवण रोजच्या जीवनात कशी उतरते, हे या चरित्रातून स्पष्ट दिसते.

वसईचे बालपण

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५६ साली वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज आणि आई वसईचीच. त्या काळी वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. १५३४ साली आलेली ही सत्ता पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकेपर्यंत टिकली. लहानग्या गोन्सालोचे शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत झाले. तेथील फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा त्याच्यावर विशेष लोभ होता.

जपानमध्ये शुभवर्तमान पोहोचविणारे पहिले मिशनरी म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ज्यांच्या नावाने आपल्या अमरावती धर्मप्रांताचे कॅथेड्रल उभे आहे, तेच हे संत. ते वसईतही येऊन गेले होते आणि १५४९ साली जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले होते. त्यांनी पेरलेल्या बीजाला पाणी घालण्यासाठी येशूसंघाचे धर्मगुरू एकामागून एक जपानकडे निघत. १५७२ साली फादर सेबास्तियन जपानला निघाले, तेव्हा सुमारे पंधरा वर्षांचा गोन्सालो त्यांच्यासोबत जहाजावर चढला. आईवडिलांचे घर, ओळखीची भाषा, ताडामाडांची वसई, सारे मागे राहिले.

आठ वर्षांची सेवा आणि एक नकार

जपानमध्ये गोन्सालो यांनी ती कठीण भाषा थोड्याच काळात आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून येशूसंघाच्या मिशनमध्ये राबले. मुलांना प्रार्थना शिकविणे, नवख्रिस्ती कुटुंबांना श्रद्धेचे धडे देणे आणि धर्मगुरूंचे बोलणे लोकांना समजावून सांगणे, हे त्यांचे काम होते. स्वभाव मनमिळाऊ असल्याने लोक त्यांना आपले मानीत.

येशूसंघात प्रवेश घेऊन आपले संपूर्ण जीवन प्रभूला द्यावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. त्यांनी तशी विनंती केली. ती पुढे ढकलली गेली आणि हवा असलेला प्रवेश त्यांना मिळाला नाही.

बंधुभगिनींनो, येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. ज्या लोकांसाठी तारुण्याची आठ वर्षे दिली, त्यांनीच आपल्याला आत घेऊ नये, हे दुःख लहान नाही. अशा वेळी मनुष्य देवावर रुसतो, ख्रिस्तसभेवर रागावतो, प्रार्थना सोडून देतो. गोन्सालो यांनाही वेदना झाल्या असतील. संत म्हणजे काही दगडाचे पुतळे नव्हेत. त्यांनी येशूसंघाचे मिशन सोडले आणि व्यापाराचा मार्ग धरला. परंतु मिशन सोडले म्हणून त्यांनी प्रभूला सोडले नाही. श्रद्धेची खरी परीक्षा येथेच होते. हवे ते मिळत असताना देवाचे आभार मानणे सोपे असते. संत लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणारा मनुष्य आपल्याला भेटतो (लूक ११:५-८). दार पहिल्या हाकेला उघडत नाही, तरीही तो तेथून हलत नाही. गोन्सालो यांची श्रद्धा त्या जातकुळीची होती.

व्यापारी आणि मौल्यवान मोती

व्यापारात गोन्सालो यांना चांगले यश लाभले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती आणि व्यवहार सचोटीचा होता. त्यांचा व्यापार वाढत गेला आणि कामानिमित्त ते फिलिपाइन्समधील मनिला शहरापर्यंत ये-जा करू लागले. ज्याला नकार मिळाला होता, तो आता एक प्रतिष्ठित, सधन व्यापारी झाला होता. जगाच्या दृष्टीने गोष्ट येथे सुखाने संपावयास हवी होती.

परंतु मनिलामध्ये त्यांची फ्रान्सिस्कन संघाच्या व्रतस्थांशी गाठ पडली. बंधू हुआन पोब्रे यांच्या साध्या, निष्कांचन जीवनाने त्यांच्या मनातील जुनी ज्योत पुन्हा प्रज्वलित झाली. चांगल्या मोत्यांच्या शोधात फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याचा दाखला प्रभू येशूने सांगितला आहे. एक अतिशय मौल्यवान मोती दिसताच त्याने जवळचे सर्व काही विकून तो विकत घेतला (मत्तय १३:४५-४६). गोन्सालो तर खरोखरीचेच व्यापारी होते. त्यांनी भरभराटीचा व्यवसाय सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून प्रवेश केला.

या निवडीचे वैशिष्ट्य आपण लक्षात घेतले पाहिजे. व्यापार हे काही पाप नव्हते. तो प्रामाणिक होता, त्यातून अनेकांना मदत करता आली असती. वाईट आणि चांगले यांतून निवड करताना विवेकबुद्धी बहुधा लगेच कौल देते. चांगले आणि अधिक चांगले यांतून निवड करावयाची असते, तेव्हा खरा कस लागतो. आपल्याही घरांत असेच घडते. अधिक पगाराची दूरची नोकरी की वृद्ध आईवडिलांजवळची कमी मिळकत, रविवारी दुकान उघडे ठेवून होणारी विक्री की कुटुंबासह प्रभूच्या भोजनाला जाणे, अशा प्रश्नांत दोन्ही बाजूंना काहीतरी चांगले असते. अशा वेळी आपल्यासाठी तो एक मोती कोणता, हे प्रार्थनेत बसूनच उमगते.

आणखी एक गोष्ट. गोन्सालो यांनी धर्मगुरूपद घेतले नाही. ते अखेरपर्यंत बंधूच राहिले. वेदीपाशी त्यांना मिस्साबलिदान अर्पिता येत नव्हते. पण धर्मशिक्षक असताना शिकलेली जपानी भाषा आणि व्यापारात मिळालेले जगाचे ज्ञान, हे दोन्ही त्यांच्याजवळ होते. वाया गेली असे वाटणारी ती वर्षे प्रभूने बाजूला ठेवून दिली होती. त्यांचा उपयोग आता व्हावयाचा होता.

दुभाषी

त्या काळी जपानची सूत्रे तोयोतोमी हिदेयोशी या प्रबळ सत्ताधीशाच्या हाती होती. १५८७ साली त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. मात्र त्याची कठोर अंमलबजावणी झाली नव्हती. पुढे त्याने फिलिपाइन्सच्या स्पॅनिश सत्तेकडे शरणागतीची मागणी केली. तणाव निवळावा म्हणून तेथील गव्हर्नरने १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पीटर बाप्टिस्ट यांना वकील म्हणून जपानला पाठविले. या लहानशा गटात दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो होते. ज्या देशातून ते निराश होऊन बाहेर पडले होते, तेथेच प्रभूने त्यांना पुन्हा नेले.

दुभाष्याचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. बोलणारा मोठा, ऐकणारा मोठा; मधला मनुष्य केवळ शब्द वाहून नेतो. पण त्याने एक शब्द चुकविला तर दोन देशांत वैर निर्माण होऊ शकते. गोन्सालो यांनी हे काम निष्ठेने केले. बोलणी शांततेने पार पडली आणि या व्रतस्थांना जपानमध्ये राहण्याची अनुमती मिळाली. क्योतो या राजधानीच्या नगरात त्यांनी मठ आणि चर्च उभारले, तसेच गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दोन रुग्णालये सुरू केली. ज्यांना स्वतःच्या कुटुंबानेही दूर लोटले होते, अशांच्या जखमा तेथे धुतल्या जात. आपल्या अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी केलेली सेवा ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

हे काम एकट्याचे नव्हते. जपानी प्रापंचिक बंधुभगिनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. कोणी स्वयंपाक करी, कोणी रुग्णांची शुश्रूषा करी, कोणी धर्मशिक्षण देई. धनुष्ये तयार करणारे मायकल कोझाकी आपल्या मुलासह या कार्यात होते. लिओ कारासुमा यांच्यासारखे धर्मशिक्षक होते. पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले आणि छप्पर उघडून प्रभूसमोर उतरविले, ही घटना आपण जाणतो (मार्क २:१-१२). त्या चौघांपैकी एकानेही आपला कोपरा सोडला असता, तर तो रुग्ण प्रभूपर्यंत पोहोचला नसता. क्योतोच्या त्या रुग्णालयात असेच अनेक हात होते आणि प्रत्येकाने आपापला कोपरा धरला होता.

मतभेदांची सावली

परंतु सर्व काही गोड होते, असे सांगणे सत्याला धरून होणार नाही. येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात त्या काळी जपानमधील कार्यावरून तीव्र मतभेद होते. येशूसंघीय तेथे अनेक वर्षांपासून होते आणि सावधगिरीने पावले टाकीत होते. १५८५ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी जपानचे मिशन त्यांच्याकडेच सोपविले होते. फ्रान्सिस्कन नव्याने आले आणि उघडपणे कार्य करू लागले. तक्रारी, पत्रे, आरोप, सारे झाले. दोन्ही बाजूंना प्रभूवर प्रेम करणारी माणसे होती, तरीही हे घडले.

आमच्या मते गोन्सालो यांच्या जीवनाचा खरा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक उलगडतो. ते येशूसंघाच्या शाळेत घडलेले आणि फ्रान्सिस्कन झगा परिधान केलेले असे बंधू होते. त्यांच्यावर पहिले संस्कार करणारे एका बाजूला होते, तर त्यांना आपलेसे करणारे दुसऱ्या बाजूला. पूर्वीच्या नकाराचा हिशेब चुकता करण्याची संधी त्यांना या वादात सहज मिळाली असती. त्यांच्या चरित्रात मात्र तशी कटुता आढळत नाही.

आपल्या धर्मग्रामांतही गायकवृंद आणि युवक मंडळ, जुने कुटुंब आणि नव्याने राहावयास आलेले कुटुंब, महिला मंडळ आणि सणाची समिती यांच्यात कुरबुरी होतात. सणाच्या मंडपावरून सुरू झालेला वाद वर्षभर मिटत नाही. सारे प्रभूसाठीच चालले आहे, असे दोन्ही बाजू म्हणतात. वऱ्हाडात आपण संख्येने मूठभर आहोत, गावोगाव विखुरलेले आहोत. मूठभरांनी आपसांत फूट पाडून घेतली, तर उरते काय?

छळाचे वादळ

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. जहाजावरील माल जप्त झाला. त्यावरून झालेल्या बोलाचालीत जहाजावरील एका अधिकाऱ्याने आपल्या राजाच्या सामर्थ्याची बढाई मारली आणि मिशनरी हे सैन्याच्या आगमनाची पूर्वतयारी असल्याचा समज त्यातून पसरला, असे सांगितले जाते. नेमके काय बोलले गेले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हिदेयोशीचा रोष मात्र भडकला आणि त्याने ख्रिस्ती लोकांच्या अटकेचा हुकूम दिला. गोन्सालो यांनी शब्द जपून जे सांधले होते, ते बेजबाबदार शब्दांनी उसवले, असा बोध यातून घेतल्यास वावगे होणार नाही.

क्योतो आणि ओसाका येथून चोवीस जणांना पकडण्यात आले. जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची नगरातून धिंड काढण्यात आली. नंतर ऐन हिवाळ्यात, बर्फवाऱ्यातून, सुमारे चार आठवड्यांचा प्रवास करीत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करण्यासाठी दोघे भाविक सोबत चालत होते, त्यांपैकी एक सुतार होता. त्यांनाही पकडून या गटात घालण्यात आले आणि संख्या सव्वीस झाली. एका मथियासची कथाही परंपरेने सांगितली जाते. अटकेच्या वेळी या नावाचा जो मनुष्य हवा होता, तो घरी नव्हता. शेजारच्या त्याच नावाच्या ख्रिस्ती मनुष्याने पुढे होऊन त्याची जागा घेतली.

या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईचा. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. श्रद्धा सोडल्यास जीव वाचवू, असे अधिकाऱ्याने त्याला सुचविले. त्या बालकाने ते नाकारले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका रांगेत उभे राहिले. गोन्सालो आपल्या क्रूसाकडे स्वतःहून चालत गेले, असे परंपरा सांगते. येशूसंघाचे पॉल मिकी यांनी क्रूसावरून लोकांना उपदेश केला आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. इतर प्रार्थना आणि स्तोत्रे म्हणत राहिले. मग भाल्यांनी त्यांची शरीरे भेदण्यात आली. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते.

बंधुभगिनींनो, त्या रांगेकडे श्रद्धेच्या डोळ्यांनी पाहा. ज्या दोन संघांचा वाद पत्रांनी मिटत नव्हता, त्यांचे सुपुत्र एकाच रांगेत, एकाच प्रभूसाठी रक्त सांडत होते. धर्मगुरू आणि स्वयंपाकी, बालक आणि वृद्ध, जपानी आणि परदेशी यांत तेथे उच्चनीच उरला नव्हता. आणि ज्या येशूसंघाने गोन्सालो यांना प्रवेश दिला नव्हता, त्याच्या तीन सदस्यांसोबत ते स्वर्गाच्या दारात उभे राहिले.

संतपदाचा सन्मान

१६२७ साली पोप अर्बन आठवे यांनी या रक्तसाक्षींना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद बहाल केले. संत गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत. त्यानंतर १२ ऑक्टोबर २००८ रोजी केरळच्या संत अल्फोन्सा यांना संतपद मिळेपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे हा मान भारतातून त्यांच्या एकट्याचा होता. जागतिक ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारी रोजी संत पॉल मिकी व सोबती यांचा सण साजरा करते. त्या सोबत्यांमध्ये आपले गोन्सालो आहेत. निशिझाका टेकडीवर १९६२ साली सव्वीस संतांचे स्मारक उभारण्यात आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तेथे जाऊन प्रार्थना केली.

आपल्या जीवनासाठी

या चरित्रातून तीन गोष्टी घरी न्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, श्रद्धेची. नकार मिळाला म्हणजे देवाने पाठ फिरविली, असे समजू नये. आज जे शिकत आहात, जे सोसत आहात, त्याचा उपयोग प्रभू कोठे करील, हे आपल्याला आधी कळत नाही. जपानी भाषा शिकताना आपण एके दिवशी सत्ताधीशासमोर उभे राहू, हे पंधरा वर्षांच्या गोन्सालोला कोठे ठाऊक होते?

दुसरी, साथीची. या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील ज्या व्यक्तीशी बोलणे बंद आहे, तिच्याशी आपण होऊन बोलावे. क्रूसाच्या रांगेत शेजारी कोण असावा, हे आपण निवडीत नाही, प्रभू निवडतो.

तिसरी, निवडीची. मोठा निर्णय घेण्यापूर्वी केवळ लाभ किती, एवढेच विचारू नये. यामुळे मी प्रभूच्या आणि माझ्या माणसांच्या जवळ जाईन की दूर, हेही विचारावे. कुटुंबाने एकत्र बसून, रात्रीच्या रोझरीनंतर थोडा वेळ शांत राहून, असा विचार करावा.

जठारपेठेतील त्या युवकाला आम्ही पुन्हा भेटलो, तेव्हा हीच कथा सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एवढेच विचारले, की प्रवेश का मिळाला नाही, याचे कारण गोन्सालो यांना शेवटपर्यंत समाधानकारकपणे कळले का. कळले असे त्यांचे चरित्र सांगत नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे उत्तर दिले. पुढच्या रविवारी तो आईसोबत मिस्सेला आला होता आणि मागच्या बाकावर बसला होता. नोकरी अजून मिळालेली नाही. त्याच्यासाठी, आणि आपल्या धर्मप्रांतातील त्याच्यासारख्या प्रत्येक युवक-युवतीसाठी, आपण सारे संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना करू या.